लहान मापाच्या जुन्या एमटीबीला सस्पेन्शन फोर्क: बसेल का, आणि बसवावा का?

खडीवाट
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिलाच, तेव्हा सांभाळून घ्या.

माझ्याकडे १९८० च्या दशकाच्या शेवटची एक स्टीलची माउंटन बाइक आहे. चाकं २६ इंची, फ्रेम १५ इंची, पुढे साधा ताठ फोर्क, म्हणजे चाक धरणारा, न दबणारा दुशाखी भाग. माझी उंची पाच फुटांना जेमतेम टेकते, त्यामुळे अंगासरशी बसणारी सायकल मिळणं हीच चैन, आणि ही बसते. तक्रार एकच. दगडगोट्यांच्या उतारावर दहा मिनिटांत मनगटं बधिर होतात.

एका मैत्रिणीची सायकल मोडीत निघाली आणि तिचा १०० मिमी ट्रॅव्हलचा (म्हणजे तेवढा दबणारा) एअर फोर्क माझ्याकडे आला. जुना काढायचा, हा घालायचा, एवढंच काम आहे ना? हेडसेट, म्हणजे ज्यावर हँडल फिरतं तो वाट्या-छर्ऱ्यांचा संच, नवा लागेल का? ब्रेकचं काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पानाहातोडी
बसवा बिनधास्त. मी तीन सायकलींना बसवलेत, काही झालं नाही. वाट्या बदला, थोडं ग्रीस, रविवारी दुपारचं काम.

मोजपट्टी
पानाहातोडींचा रविवार आनंदात जावो, पण पाना उचलण्याआधी चार मापं घ्या आणि इथे टाका.

पहिलं, जुन्या फोर्कची लांबी. चाकाच्या एक्सलच्या मध्यापासून वर जिथे हेडसेटची खालची कडी बसते तिथपर्यंत. हिला एक्सल ते क्राउन म्हणतात; क्राउन म्हणजे फोर्कचे दोन पाय वर जुळतात तो जोड. नव्या फोर्कचीही हीच लांबी घ्या, हवा भरलेली आणि वर कुणी बसलेलं नाही अशा अवस्थेत.

दुसरं, स्टीअररचा, म्हणजे फोर्कची जी नळी फ्रेममध्ये वर शिरते तिचा व्यास. व्हर्नियर नसेल तर हँडलचा स्टेम (हँडल धरणारा तुकडा) बाहेर ओढा आणि त्याच्या दांड्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजा. घेर ७० मिमी आला तर दांडा २२.२ चा, म्हणजे स्टीअरर एक इंची. ८० आला तर दांडा २५.४ चा, म्हणजे स्टीअरर सव्वा नाही, एक-अष्टमांश इंची. ९० आला तर सव्वा इंची. १९९० च्या आसपास ही तिन्ही मापं एकाच वेळी बाजारात होती, त्यामुळे साल सांगून माप ओळखता येत नाही.

तिसरं, हेड ट्यूबची, म्हणजे फ्रेमच्या ज्या पुढच्या नळीत स्टीअरर बसतो तिची उंची, वाट्या सोडून. चौथं, नव्या फोर्कवर कँटिलिव्हर (रिमवर दाबणाऱ्या) ब्रेकचे खुंट आहेत का.

अर्धवटराव
"सव्वा नाही, एक-अष्टमांश" हे दोनदा वाचलं तरी डोक्यात शिरलं नाही :)

मोजपट्टी
@अर्धवटराव, एक पूर्णांक एक अष्टमांश. २८.६ मिमी. यापुढे मिमीतच लिहितो, सगळ्यांचं भलं होईल.

खडीवाट
मोजलं. जुना फोर्क ३९२. नवा ४७०. कागदाची पट्टी बरोबर ७० वर. हेड ट्यूब ९५. नव्या फोर्कचा स्टीअरर २८.६ चा, बिनआट्यांचा, १६८ लांब. खुंट नाहीत, डिस्क ब्रेकची जागा आहे फक्त.

माझा चेहरा उतरायला सुरुवात झाली आहे, हे खरं का?

मोजपट्टी
खरं आहे. हा फोर्क या फ्रेमला लागत नाही.

कारण साधं आहे. एक इंची हेडसेटच्या वाट्या ज्या भोकात ठोकल्या जातात ते ३० मिमीच्या आसपासचं असतं. २८.६ च्या स्टीअररला लागणाऱ्या वाट्यांना ३४ चं भोक लागतं. स्टीअरर नुसता आत शिरेलसुद्धा, पण छर्रे आणि वाट्या कुठे ठेवणार?

पानाहातोडी
लेथवर हेड ट्यूब आतून मोठी करून घ्यायची.

वंगण
अहो, तिची भिंतच मिमी-दोन मिमीची. दोन्ही बाजूंनी मिळून चार मिमी काढल्यावर उरेल काय? पितळी जोडाचा विरघळलेला आत्मा?

उलटी गोष्ट चालते, म्हणजे भोक ३४ चं आणि स्टीअरर एक इंची असेल तर मधे कमी करणाऱ्या कड्या मिळतात. मोठ्या घरात लहान माणूस राहतो. लहान घरात मोठं कपाट जात नाही.

टेकडीवरचा
भोकाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा. समजा चमत्कार झाला आणि बसला. तरी बसवू नये, हे माझं मत, आणि कारण ४७० वजा ३९२ मध्ये आहे.

७८ मिमीचा फरक. बसल्यावर सॅग, म्हणजे नुसत्या वजनाने फोर्क दबतो तेवढं, जाईल, १०० मधला वीस-पंचवीस टक्के, म्हणजे २०-२५ मिमी. उरतो साधारण ५५. इतक्या लहान सायकलीचा व्हीलबेस (दोन्ही एक्सलमधलं अंतर) १०३० च्या आसपास धरला तर पुढचं टोक जवळपास तीन अंशांनी मागे कलतं. ढोबळ हिशेब लक्षात ठेवायचा असेल तर फोर्क २० मिमीने वाढला की एक अंश.

त्या काळच्या एमटीबीचा हेड अँगल, म्हणजे हेड ट्यूबचा जमिनीशी कोन, बहुधा ७१ असायचा. तो ६८ झाला. बॉटम ब्रॅकेट (पॅडलचा आस) वीसेक मिमी वर. वरची नळीही तितकीच वर, पुढच्या बाजूला त्याहून जास्त. पाच फूट उंचीच्या माणसाला उभं राहताना नळी आणि अंग यांच्यात असतंच किती अंतर? तेच गेलं. हँडल पाचेक सेंटिमीटर वर. मोठ्या फ्रेमवाला स्टेम उलटा करून हँडल खाली आणतो. तुमच्याकडे हेड ट्यूबच ९५ ची, तिथे खाली आणायला जागा कुठे आहे?

पायडल_पाटील
पण आजच्या सायकली ६५-६६ अंशांच्या असतात की. ६८ म्हणजे काय आभाळ कोसळलं?

टेकडीवरचा
रास्त प्रश्न. आजच्या सायकलीत हेड अँगल निजवला तसा सीट अँगल उभा केला, ७५-७६ पर्यंत. पुढची लांबी वाढवली, स्टेम ४०-५० मिमीवर आणला. सगळं मिळून एक गणित आहे. जुन्या फ्रेमला लांब फोर्क घातला की दोन्ही कोन एकत्र निजतात. सीट ट्यूब ७३ ची ७० होते, खोगीर पॅडलपासून तीनेक सेंटिमीटर मागे जातं, वजन मागच्या चाकावर, आणि चढावर पुढचं चाक दारुड्यासारखं डुलतं. उतारावर मजा येते, नाकारत नाही. पण उतारापर्यंत पोचायला चढ चढावा लागतो.

ट्रेलही काढून दाखवतो, म्हणजे वळणाच्या आसाची रेषा जमिनीला टेकते तिथून टायर किती मागे टेकतो ते. चाकाची त्रिज्या ३३५, फोर्कचा ऑफसेट (एक्सल त्या रेषेच्या किती पुढे) ३८ धरा. ७१ अंशांना ट्रेल ७५ मिमी येतो, ६९ ला ८८. दोन अंशांत एवढा फरक. ६८ ला किती ते तुम्हीच काढा, मला कामावर जायचंय.

खडीवाट
९५ येतो. बरोबर आहे का?

टेकडीवरचा
शाब्बास. साडेचौऱ्याण्णव.

मोजपट्टी
आकड्यांवर विश्वास नसेल, किंवा आकडे अंगाला कसे लागतील ते पाहायचं असेल, तर फुकटचा प्रयोग. सायकल भिंतीला लागून उभी करा. पुढच्या चाकाखाली ५५ मिमी जाडीची फळी किंवा वह्यांचा गठ्ठा ठेवा, मागचं चाक जमिनीवरच. बसा. हँडल किती वर आलं, कंबर किती मागे गेली, दोन्ही बाजूंना पाय टेकून उभं राहता येतं का, सगळं कळतं. मग गठ्ठा १८ मिमीचा करून पुन्हा बसा, आखूड फोर्कचा फरक सॅग वजा जाता साधारण एवढाच उरतो. कोणता फोर्क शोधायचा याचं उत्तर तिथेच मिळेल.

जुनंतेसोनं
उशिरा आलो, पण राहवलं नाही.

तुमची फ्रेम ज्या काळातली आहे त्या काळातले पहिले सस्पेन्शन फोर्क ५० मिमीसुद्धा खाली बसत नसत. रॉकशॉक्सच्या आरएस-१ चं ट्रॅव्हल ४८ मिमीच्या घरात. १९९० मध्ये अमेरिकेत दुरँगोला पहिली अधिकृत जागतिक माउंटन बाइक अजिंक्यपद स्पर्धा झाली. क्रॉस कंट्रीत नेड ओव्हरएंड आणि डाउनहिलमध्ये ग्रेग हरबोल्ड जिंकले, दोघांच्याही सायकलीला रॉकशॉक्सचा फोर्क होता. म्हणजे ज्या बोटभर ट्रॅव्हलला आज आपण हसतो त्यावर माणसं जगज्जेती झाली. हे फोर्क ताठ फोर्कच्या फ्रेममध्ये फारसा गोंधळ न घालता बसावेत म्हणूनच आखूड होते.

पुढे ट्रॅव्हल वाढत गेलं तसे फ्रेम बनवणारेही मुळापासून लांब फोर्क धरून कोन आखू लागले. जुन्या सायकलीत हे ओळखायची खूण अशी की मूळ ताठ फोर्कच्या टायर आणि क्राउनमध्ये नको इतकी मोकळी जागा दिसते. तसं असेल तर ती फ्रेम सस्पेन्शन गृहीत धरून केलेली. खडीवाटताई, तुमच्या टायरवर किती जागा आहे?

खडीवाट
करंगळी जाते, अंगठा जात नाही.

जुनंतेसोनं
म्हणजे नाही. मग तुम्हाला ५० ते ६३ मिमीचा जुना फोर्क शोधायचाय. ८० चा साधारण ४५० च्या आसपास भरतो, तो तुमच्या फ्रेमला लांबच.

आणि इथे लहान फ्रेमवाल्यांचं नशीब उघडतं. जुन्या फोर्कच्या बाजारात सगळ्यात मोठी रड असते ती "स्टीअरर कापलेला आहे" ही. १९ इंची फ्रेमवाला तो हातात घेऊन खाली ठेवतो. तुमची हेड ट्यूब ९५. बिनआट्यांच्या हेडसेटची खालची-वरची उंची २५-३०, स्टेमची पकड ४०. म्हणजे १६५-१७० मध्ये तुमचं काम होतं. लोकांनी टाकून दिलेलं तुमच्या मापाचं.

मोजपट्टी
+१. मात्र आट्यांचा स्टीअरर असेल तर उलट. तो कापता येतो, पण वर जितके आटे आहेत तितकेच. आटे संपले की कापून उपयोग नाही, आणि लांबी कमी पडली तर इलाजच नाही. तुमच्या फ्रेमला साधारण १३० मिमीचा आट्यांचा स्टीअरर लागेल, नेमका हेडसेट हातात घेऊन ठरवा.

पानाहातोडी
बिनआट्यांच्या स्टीअररवर आटे पाडून घेतले तर? डाय मिळते.

वंगण
डाय मिळते, दातही मिळतात बदलून.

गंमत सोडून सांगतो, नको. बिनआट्यांच्या नळीची भिंत त्या हिशेबाने केलेलीच नसते. आटे पाडले की भिंत आणखी पातळ, आणि वर आतून क्विल स्टेमची (दांडा नळीत घालून आवळतात त्या स्टेमची) पाचर फुगणार. ऐन आट्यांच्या पट्ट्यात पाचर फुगली तर नळी तिथेच चिरते.

लहान फ्रेममध्ये आणखी एक भानगड. आखूड स्टीअररमध्ये क्विलचा दांडा जास्त खोल गेला तर खाली जिथे नळी आतून जाड होते तिथे पाचर अडकते. घट्ट वाटतं, आहे असं वाटतं, आणि हँडल फिरतं पण चाक फिरत नाही. दांड्यावरची किमान खोलीची खूण पाळा आणि खाली टेकला नाही याचीही खात्री करा.

वंगण
विसरलो होतो. जुन्या फोर्कमधला मोठा गुण म्हणजे बोल्टने आवळलेला क्राउन. रॉकशॉक्सचे मॅग २१, जूडी, त्या पिढीतले मॅनिटू. नळ्या क्राउनमध्ये बोल्टच्या पकडीने बसतात, त्यामुळे एका फोर्कचे पाय आणि दुसऱ्याचा एक इंची क्राउन असं लग्न लावता येतं, नळ्यांचा व्यास जुळत असेल तर. पुढच्या काळात क्राउन आणि नळ्या दाबून कायमच्या बसवायला लागले, तिथे हा मार्ग बंद.

विकत घेण्याआधी क्राउनच्या बोल्टांभोवती भिंग लावून चीर बघा. स्टीअरर आणि क्राउनचा जोड हातात घट्ट धरून पिळा. कुरकुरला तर नको. या जोडावर दात अवलंबून आहेत, मघाशी म्हणालो तसं.

दुचाकीदीदी
मी माझा अनुभव सांगते, भीती घालायची म्हणून नाही. चौदा इंची स्टीलची फ्रेम, एका दुकानात ८० मिमीचा फोर्क बसवून घेतला. पहिल्याच चक्करीत हँडल डावीकडे पूर्ण वळवलं आणि टक्क आवाज. फोर्कच्या पायाच्या माथ्यावरची फिरवायची चकती डाउन ट्यूबवर (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर) आपटत होती. लहान फ्रेममध्ये डाउन ट्यूब हेड ट्यूबच्या अगदी बुडातून निघते, त्यामुळे क्राउनच्या वर डोकावणाऱ्या चकत्यांना वळायला जागाच उरत नाही. एक पोचा पडलाच. नंतर मी नळीवर रबराचा तुकडा बांधला आणि चकती काढून सपाट टोपी लावली.

वर्षभराने सायकल धुताना बोट फिरवलं तर डाउन ट्यूबच्या खालच्या अंगाला, हेड ट्यूबपासून चारेक बोटांवर, एक सुरकुती लागली. डोळ्याला दिसत नव्हती. लांब फोर्कने तरफ वाढते आणि झटका तिथेच जातो. त्या दिवसापासून ती सायकल भिंतीवर आहे.

खडीवाट
@दुचाकीदीदी, हे वाचून खाली जाऊन आधी बोट फिरवून आले. गुळगुळीत आहे.

वह्यांचा प्रयोगही केला. ५५ ला हँडल माझ्या हनुवटीशी गप्पा मारायला आलं. १८ ला फरक जाणवला पण घरचंच वाटलं. शंभरच्या फोर्कचा नाद सोडला.

सावकाश_चला
एक अडाणी सूचना. फोर्कच्या आधी टायरमध्ये हवा किती भरता ते सांगा.

खडीवाट
५० पीएसआय. टायरवर लिहिलंय तेवढी.

सावकाश_चला
वजन?

खडीवाट
बाईमाणसाला वजन विचारता? :) ४७.

सावकाश_चला
४७ किलोच्या माणसाने ५० पीएसआयवर दगडात जायचं म्हणजे लाकडी चाकावर जायचं. टायरवर लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते, तो काही हुकूम नाही. २८-३० करा, ट्यूब दगड आणि रिममध्ये चावली जाते का बघत आणखी उतरवा. फ्रेममध्ये मावत असेल तर रुंद टायर घाला. मग सांगा फोर्क हवा का.

ब्रेकवाली
ब्रेकच्या तारेबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

मूळ सायकलीत कँटिलिव्हर ब्रेकची तार स्टेममधून किंवा हेडसेटवरच्या कडीतून खाली येत असेल. सस्पेन्शन फोर्कला तसं चालत नाही. ब्रेक पायांच्या खालच्या भागावर, म्हणजे हलणाऱ्या भागावर असतो. फोर्क दबला की ब्रेक वर येतो, तार सैल पडते आणि नेमका खड्ड्यात ब्रेक ढिला. तारेचं कव्हर फोर्कच्या कमानीवरच अडकवायला हवं. काही फोर्कवर ती सोय असते, काहींवर वेगळा तुकडा बोल्टने लावतात.

किंवा व्ही-ब्रेक लावा. शिमानोने ते १९९६ च्या सुमारास आणले, कव्हर थेट ब्रेकच्या बाहूवर टेकतं, फोर्क दबल्याने काही फरक पडत नाही. पण लिव्हरही व्ही-ब्रेकचीच घ्या. जुनी कँटिलिव्हरची लिव्हर तार जवळपास निम्मीच ओढते. मग लिव्हर हँडलला टेकते आणि चाक निवांत फिरत राहतं.

पायडल_पाटील
वाचनखूण साठवली. या एका धाग्यात माझे तीन चुकीचे खर्च वाचले.

खडीवाट
दोन महिने गायब होते, पण हात रिकामे नव्हते.

सावकाश_चला यांचं ऐकून आधी हवा उतरवली. २८ वर आले, मग रुंद टायर घालून २४. खरं सांगू? अर्धं दुखणं तिथेच गेलं. धागा इथेच संपायला हवा होता. पण खाज एकदा सुटली की सुटते.

६३ मिमीचा, बोल्टच्या क्राउनचा जुना फोर्क मिळाला. एक इंची, बिनआट्यांचा, आणि स्टीअरर १६९ ला कापलेला! देणाऱ्याने "हा कुणाच्याच उपयोगाचा नाही" म्हणून दिला. एक्सल ते क्राउन ४२२. आतले इलास्टोमर (स्प्रिंगसारखे दबणारे रबरी तुकडे) उघडले तर एक दगड झालेला, बाकीच्यांचा चिकट चुरा. नवे मऊ टाकले. खालची कडी बसवताना माप जुळेना, कारण एक इंचीतही २६.४ आणि २७ अशी दोन प्रकारची बैठक असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मोजपट्टी, तुमच्यावर एक उधारी.

स्टेम बिनआट्यांच्या स्टीअररचा, नेहमी मिळतो तो २८.६ चा लावला, मधे पातळ कडी घालून २५.४ चं २८.६ केलं. व्ही-ब्रेक आणि नवी लिव्हर. हँडल पूर्ण वळवून पाहिलं, डाउन ट्यूब आणि क्राउनमध्ये एक पेन्सिल जाते. आडवी.

फोर्कच्या पायाच्या नळीला प्लॅस्टिकची पट्टी बांधून फिरून आले, किती दबतो ते बघायला. माझ्या वजनाला ६३ पैकी ३८ च वापरलं जातंय. प्रीलोड (तुकड्यांना आधीच दिलेला दाब) पूर्ण सोडलाय.

मोजपट्टी
उधारी कबूल. बैठकीचं माप सांगायला हवं होतं, चूक माझी.

३८ वापरलं जातंय म्हणजे इलास्टोमर अजून कडक आहेत. एका पायातला एक तुकडा आणखी मऊ घालून पाहा, दोन्ही पायांत एकदम बदलू नका. थंडीत ते आणखी कडक होतात, हेही लक्षात असू द्या.

टेकडीवरचा
चढावर कशी वाटते?

खडीवाट
खोगीर सेंटिमीटरभर पुढे घेतलं. आता चाक डुलत नाही. मात्र उभं राहून पॅडल मारलं की फोर्क मान डोलावतो, ते आवडलं नाही. लांब चढाची वाट असेल त्या दिवशी जुना ताठ फोर्क परत घालावा का, असं मनात येतंय. ब्रेक आता व्ही असल्याने तासाभराचं काम आहे.

वंगण
जुना फोर्क आट्यांचा ना? मग हेडसेटही बदलावा लागेल दर वेळी. तासाभराचं नाही, दुपारभराचं. आणि खालच्या कड्या सारख्या ठोकून काढल्या की बैठक झिजते. एक काय ते ठरवा.

खडीवाट
अरे हो. ते विसरलेच. मग हाच राहू दे.

पानाहातोडी
ताई, तो १०० मिमीचा फोर्क पडूनच आहे का? माझ्या जुन्या सायकलीला घालायचा विचार आहे. रविवार मोकळा आहे.

खडीवाट
आहे. आधी कागदाची पट्टी गुंडाळा आणि आकडा इथे टाका.